“आपल्याकडे एवढे पैसे कोण देणार?” : दंतवैद्याच्या मनातली अडवणारी वाक्यं आणि ती तपासण्याची पद्धत

तपासणी झालेली असते, एक्स-रे स्क्रीनवर दाखवून झालेला असतो. खालच्या डाव्या दाढेतली कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली आहे. “रूट कॅनल करावं लागेल,” इथपर्यंत डॉक्टरचा आवाज ठाम असतो. मग खुर्चीतून प्रश्न येतो, “किती होतील डॉक्टर?” आणि आवाज खाली येतो. “तसे साडेचार हजार होतात... पण बघू, तुम्हाला चार हजारांत करून देऊ.” पेशंटने अजून ‘जास्त होतात’ असं म्हटलेलंही नसतं. पाचशे रुपये डॉक्टरने स्वतःहून सोडले, आणि ते सोडायला लावणारं वाक्य खोलीत कुणीच उच्चारलं नव्हतं. ते डॉक्टरच्या मनात होतं: आपल्या भागातले लोक दातांवर एवढे पैसे खर्च करत नाहीत.

एक-दोन खुर्च्यांचा स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी हा लेख आहे. तालुक्याच्या गावात, जिल्ह्याच्या ठिकाणी, मुंबई-पुण्याच्या उपनगरांत असे दवाखाने हजारोंनी आहेत. बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप यांत आपण दात कोरायला, कवळी बसवायला, अडकलेली अक्कलदाढ काढायला शिकतो. भाडं, पगार, फी, माणसं सांभाळणं यांतलं फारसं कुणी शिकवत नाही. ती रिकामी जागा मग ऐकीव वाक्यांनी भरते. काही वाक्यं ज्या सीनियरकडे उमेदवारी केली त्याची असतात, काही घरातली असतात, काही पहिल्या वर्षी भांडून गेलेल्या एखाद्या पेशंटने दिलेली असतात.

ही वाक्यं सरसकट खोटी नसतात, म्हणूनच ती इतकी टिकतात. कधीतरी, कुणाच्या तरी बाबतीत ती खरी होती. नंतर ती कुणी तपासली नाहीत, एवढंच. एक्स-रे न काढता आपण रूट कॅनलला हात घालत नाही. मग दवाखान्याचे सगळे निर्णय न तपासलेल्या वाक्यावर का सोडायचे?

मानसशास्त्रात या विचाराला जुना पाया आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली पद्धत सांगते की घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक विचार उभा असतो, आणि प्रतिक्रिया त्या विचारातून येते. “किती होतील?” ही घटना. फी कमी करणं ही प्रतिक्रिया. मधलं वाक्य आपलं. महाराष्ट्रात ही विवेकनिष्ठ विचारपद्धती बऱ्याच जणांना ओळखीची आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेने ती मराठीतून लोकांपर्यंत नेली. इथे त्याच विचाराला दवाखान्याच्या रजिस्टरची जोड दिली आहे.

पायरी १ : वाक्य जसंच्या तसं पकडा

टेबलाच्या खणात एक साधी वही ठेवा. पंधरा दिवस फक्त चार प्रसंग टिपायचे: आपण स्वतःहून फी कमी केली, गरजेचा उपचार सांगायचा टाळला, दुसऱ्याला देता येण्यासारखं काम स्वतः केलं, किंवा ठरवलेली गोष्ट पुन्हा पुढे ढकलली. प्रसंगासमोर त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायचं, आणि पेशंट बाहेर गेल्या गेल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलेलं वाक्य शहाणं होऊन येतं, त्याचा उपयोग नाही.

“माझ्यात आत्मविश्वास कमी आहे” असं लिहू नका. ते स्वतःला लावलेलं लेबल झालं, त्यावर काही करता येत नाही. “हे मास्तर आहेत, यांना कॅपचे पैसे सांगितले तर गावभर बोलतील” हे वाक्य आहे, आणि ते तपासता येतं.

दंतवैद्यांशी मोकळेपणाने बोलायला बसलं की थोड्याफार फरकाने हीच वाक्यं निघतात. “मी नुसता बीडीएस, इम्प्लांटचं (जबड्याच्या हाडात कृत्रिम दात बसवण्याचं) माझ्याकडे कोण करून घेणार.” “दुखत नसताना बोलावलं तर पैशांसाठी बोलावतोय असं वाटेल.” “असिस्टंटला शिकवलं की ती दुसरीकडे जाते.” “समोरच्या गल्लीत नवीन एसी क्लिनिक झालंय, आता आपलं अवघड आहे.” “उरलेले पैसे मागणं बरं दिसत नाही.” महिला डॉक्टरांच्या वहीत आणखी एक वाक्य हमखास सापडतं: “घर सांभाळून एवढंच जमणार.” त्या वाक्यामागे खरी परिस्थिती किती आणि दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं ठरवून दिलेल्या मर्यादा किती, हे वेगळं करून पाहायलाच हवं. पांढरा कोट घालून समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला “मोठे डॉक्टर कधी येणार?” असं विचारणारे पेशंट आजही येतात. त्या प्रश्नाचा परिणाम फी सांगतानाच्या आवाजावर होतो, आणि तो परिणाम वहीत दिसू लागला की त्यावर काम करता येतं.

पायरी २ : नियम, परिस्थिती आणि धारणा वेगळ्या करा

पंधरा दिवसांनी वही उघडा आणि प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहा. मनाला उभारी देणारी भाषणं ही पायरी गाळतात, आणि आपल्या व्यवसायात ते धोक्याचं आहे, कारण काही अडथळे खरोखरच बाहेरचे असतात.

नियम म्हणजे काय? दंतवैद्यांसाठीची २०१४ ची आचारसंहिता पेशंट मिळवण्यासाठी गळ घालायला मनाई करते, आणि पेशंट पाठवल्याबद्दल कट देणं-घेणंही तिच्यात बसत नाही. दातांच्या एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे रीतसर नोंदणी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत: रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्यांसारखं प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. इथे ‘मनातला अडथळा तोडा’ वगैरे काही नाही. नियम पाळायचा आणि पुढे जायचं.

परिस्थिती म्हणजे आज खरं असलेलं, पण आपल्या हातात पूर्णपणे नसलेलं काही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दातांच्या नेहमीच्या उपचारांचे पैसे देत नाहीत, त्यामुळे पेशंट खिशातूनच देतो. ऊसाचं बिल उशिरा आलं की त्या पट्ट्यातल्या दवाखान्यांना ते जाणवतं. खुर्ची आणि आरव्हीजीच्या (दातांच्या डिजिटल एक्स-रे यंत्राच्या) कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातोच.

या दोन्हींत न बसणारं जे उरतं ती धारणा. तिची खूण अशी की तिच्यात ‘कुणीच’, ‘नेहमी’, ‘आपल्याकडे’, ‘लोक’ असे मोघम शब्द असतात आणि आकडा एकही नसतो.

पायरी ३ : रजिस्टरला विचारा

मागच्या तीन महिन्यांची केस पेपरं काढा. रूट कॅनल, कॅप, हिरड्यांचे उपचार, इम्प्लांट, जे जे सुचवलं त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: झालं, अर्धवट राहिलं, झालं नाही. शेवटचा रकाना कारणाचा. बहुतेक दवाखान्यांत हा रकाना कोरा निघतो, फार तर ‘नंतर येतो म्हणाले’ एवढं असतं. त्या कोऱ्या रकान्यात आपण मनानेच ‘पैसे’ असं भरून टाकलेलं असतं.

आता तो खरा भरायचा. न आलेल्या पेशंटना दवाखान्यातून फोन जाऊ द्या. शक्यतो तुम्ही करू नका. डॉक्टरचा फोन आला की माणूस संकोचतो आणि “येतो येतो” म्हणून मोकळा होतो. रिसेप्शनवरच्या ताईंनी असं विचारावं: “काकू, दवाखान्यातून बोलतेय. डॉक्टरांनी चौकशी करायला सांगितलीय, दाढ आता कशी आहे? उपचार अर्धा राहिलाय, काही अडचण होती का?” मग थांबायचं. ‘पैशांची अडचण आहे का’ असं आपणहून सुचवायचं नाही, नाहीतर तेच उत्तर येईल.

काही जण पैशांचंच सांगतील. पण बाकीची उत्तरं मन लावून ऐका. “इंजेक्शनची भीती वाटते.” “मुलीच्या लग्नाची गडबड होती.” “शेजारच्या वहिनी म्हणाल्या, वरची दाढ काढली की नजर कमी होते.” “दात साफ केले की हलायला लागतात म्हणे.” आणि सर्वांत जास्त विचार करायला लावणारं: “दुखायचं थांबलं की!” नस मेली की ठणका थांबतो, पेशंटला वाटतं बरं झालं, आणि काही महिन्यांनी तोच माणूस गाल सुजवून दारात उभा राहतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याला ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं का? नसेल, तर तिथे फी कमी करून काहीच साधणार नव्हतं. दोन मिनिटं एक्स-रेवर बोट ठेवून समजावलं असतं तर साधलं असतं.

वीस-पंचवीस फोन झाले की रकान्यात एक चित्र दिसायला लागतं. ते तुमच्या धारणेला दुजोरा देईल किंवा देणार नाही. पण ते तुमच्याच पेशंटचं चित्र असेल, सीनियरच्या काळातलं ऐकीव चित्र नसेल.

पायरी ४ : फीची धारणा आणि खुर्चीच्या तासाचा हिशोब

इथे जरा थांबून सविस्तर बोलायला हवं, कारण छोट्या दवाखान्याचा श्वास बहुतेक वेळा इथेच कोंडतो. ‘आपली फी किती असावी’ याचं उत्तर शेजारच्या दवाखान्याचा दर विचारून आणि त्यातून शंभर-दोनशे कमी करून काढलं जातं. शेजारच्यानेही तसंच काढलेलं असतं. या साखळीत खर्चाचा हिशोब कुणी मांडलेलाच नसतो.

एक उदाहरण मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, तिथे तुमचे घाला. भाडं १८,०००. असिस्टंट आणि रिसेप्शनिस्ट मिळून पगार २२,०००. वीज ५,०००. कर्जाचा हप्ता २१,०००. मशीनची देखभाल, कचरा उचलण्याची फी आणि किरकोळ ४,०००. एकूण ७०,०००. यात एक ओळ हमखास राहून जाते, ती म्हणजे डॉक्टरचा स्वतःचा पगार. ‘उरेल ते माझं’ हीसुद्धा एक धारणाच आहे, आणि फार महाग पडणारी. दुसऱ्याच्या दवाखान्यात तेवढेच तास काम केलं असतं तर जे मिळालं असतं ते इथे लिहा. समजा ८०,०००. महिन्याचा खर्च झाला १,५०,०००.

आता तास. दवाखाना महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास उघडा असतो, म्हणजे २०० तास. पण पेशंट प्रत्यक्ष खुर्चीत असतो तेवढाच वेळ धरायचा. तो आठवडाभर घड्याळ लावून मोजा. अंदाज इथे नेहमी फसवतो. समजा तो निम्मा, १०० तास निघाला. म्हणजे खुर्चीचा एक तास १,५०० रुपयांना पडला.

एका दाढेच्या रूट कॅनलला सगळ्या बैठका मिळून सव्वादोन तास लागले, तर ३,३७५ रुपये तिथेच झाले. फाइल्स, मुळं भरायचा गटा पर्चा आणि सीलर, भुलीचं इंजेक्शन, ग्लोव्ह्ज वगैरेचे ६०० धरा. खर्च ३,९७५. आता वरचे चार हजार पुन्हा पाहा. साडेचार हजारांत ५२५ रुपये सुटत होते. एका वाक्यापायी २५ उरले. आणि जो डॉक्टर हेच काम तीन हजारांत करतो, तो प्रत्येक दाढेमागे जवळजवळ हजार रुपये स्वतःच्या पगारातून भरतो आहे. संध्याकाळी दवाखाना भरलेला आणि महिनाअखेर खातं रिकामं, याचं कारण बहुधा या ओळीत सापडतं.

हाच हिशोब दुसरी बाजूही दाखवतो, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खुर्चीतले तास १०० चे १२५ झाले, तर तास १,२०० वर येतो आणि तीच रूट कॅनल ३,३०० रुपयांत पडते. फी न वाढवताही दवाखाना सुधारू शकतो: वेळ घेऊन न येणारे पेशंट कमी झाले, अर्धवट उपचार पुरे झाले, दोन पेशंटमधली खुर्ची वेळेवर तयार झाली की. ‘फी वाढवली तर पेशंट जातील’ आणि ‘फी वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही’ ही दोन्ही वाक्यं या कागदापुढे तपासून घ्यावी लागतात.

फी ठरली की ती सांगण्याचा सराव करा. मी ‘सराव’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. असिस्टंटला समोर बसवून, मोठ्याने. आधी रोग, मग उपचार न केल्यास काय होईल, मग पर्याय, मग प्रत्येक पर्यायाची फी, आणि सगळं एका छापील कागदावर. “या दाढेला रूट कॅनल आणि वर कॅप लागेल. रूट कॅनलचे साडेचार हजार. कॅपमध्ये दोन प्रकार आहेत, धातूवरची सिरॅमिक आणि झिरकोनिया, दोन्हींचे दर इथे लिहिलेत. दाढ काढून टाकायची असेल तर तोही पर्याय आहे, पण मग मोकळ्या जागेचं पुढे काय करायचं ते ठरवावं लागेल.” एवढं बोलून गप्प बसा. ती शांतता फार लांब वाटते. पेशंट त्या वेळात घरचा हिशोब करत असतो, त्याला तो करू द्या. तुमच्या तोंडून ‘पण बघू आपण’ निघायला बघेल, ते तेवढं रोखायचं.

सवलतीचं काय? ज्याच्याकडे खरंच नाहीत, त्याच्यासाठी दवाखान्याचं दार उघडं असायलाच हवं, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य डॉक्टरांनी ते तसं ठेवलं आहे. पण ती सवलत पेशंटच्या परिस्थितीवर ठरावी, आपल्या अवघडलेपणावर ठरू नये. आज काय होतं? चारचाकीतून उतरलेला ओळखीचा माणूस हक्काने पैसे कमी करून घेतो, आणि रोजंदारीवरची बाई संकोचाने पूर्ण पैसे मोजते किंवा दाढ काढून टाका म्हणते. महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा की या महिन्यात किती उपचार मोफत किंवा निम्म्या फीत करायचे, आणि ते गरज पाहून द्या. बाकीच्यांसाठी हप्ते असू द्या, बैठकीगणिक पैसे. उरलेले पैसे मागण्याचं काम रिसेप्शनचं, आणि ते उपचार संपण्याआधी.

फी योग्य असणं आणि अनावश्यक उपचार सुचवणं यांत महासागराचं अंतर आहे. जो उपचार स्वतःच्या आईच्या दातावर केला नसता, तो पेशंटला सांगायचा नाही. ही रेघ जो पाळतो, त्याला फी सांगताना आवाज खाली आणण्याचं काहीच कारण नाही.

पायरी ५ : “माझ्याशिवाय होणार नाही”

फीनंतरची सर्वांत महाग धारणा हीच. डॉक्टर सकाळी येऊन कॉम्प्रेसर सुरू करतात, अपॉइंटमेंटचे फोन घेतात, लॅबच्या माणसाशी वाद घालतात, दुपारी पाण्याच्या फिल्टरवाल्याला बोलावतात, आणि रात्री साडेनऊला हिशोब लिहितात. या सगळ्यात खुर्चीतल्या पेशंटसाठी महिन्याला १०० तासच उरतात.

काय देता येत नाही, ते आधी स्पष्ट करू. निदान, इंजेक्शन, दात कोरणं, दात काढणं हे तुमचंच. साधी सफाईसुद्धा अप्रशिक्षित मदतनिसाच्या हाती देता येत नाही; डेंटल हायजिनिस्ट (दातांच्या सफाईचं प्रशिक्षण घेतलेले) हा नोंदणी असलेला वेगळा वर्ग आहे आणि १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासूनच त्याची तरतूद आहे.

हे सोडून उरलेलं मात्र बरंच काही देता येतं. निर्जंतुकीकरणापासून सुरुवात करा, कारण तिथे कामाची पद्धत पक्की आहे आणि नोंद ठेवता येते. हत्यारं धुणं, पुसणं, पाउचमध्ये भरणं, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर पूर्ण वेळ चालवणं, इंडिकेटर पट्टीचा रंग बदलला का ते पाहणं, तारीख-वेळ लिहून सही करणं. पहिले काही दिवस तुम्ही करा आणि असिस्टंटला पाहू द्या. मग ती करील, तुम्ही पाहा. मग फक्त आठवड्यातून एकदा वही तपासा. दात काढल्यानंतरच्या सूचना, पुढची वेळ देणं, लॅबकडे गेलेल्या कामाचा पाठपुरावा हीसुद्धा याच क्रमाने द्या.

“शिकवलं की सोडून जाते” याचंही उत्तर रजिस्टरमध्येच आहे. मागच्या पाच-सात वर्षांत सोडून गेलेल्या मुलींची नावं आणि कारणं लिहून काढा. लग्न होऊन गाव सुटलं, रात्री बसची सोय नव्हती, हजार-दीड हजार जास्त मिळाले, डॉक्टर पेशंटसमोर ओरडले. यातल्या दोन कारणांवर तुम्ही आजही काही करू शकता. आणि कामाच्या पायऱ्या भिंतीवर लिहून लावल्या असतील, तर नव्या मुलीला शिकवायला निम्मा वेळ लागतो.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांबद्दलची धारणा याच घरातली. “एंडोडॉन्टिस्टला (रूट कॅनलच्या तज्ज्ञाला) बोलावलं तर पेशंट म्हणेल याला येत नाही.” प्रत्यक्षात “तुमच्या दाढेचं मूळ वाकडं आहे, त्यासाठी मी खास तज्ज्ञांना बोलावतोय” हे ऐकून पेशंटचा विश्वास वाढतो, कारण आपल्या दाताचा कुणी विचार केला असं त्याला वाटतं. ‘नुसता बीडीएस’ या वाक्याचाही इथेच निकाल लागतो. चांगला सामान्य दंतवैद्य काय स्वतः करायचं आणि काय पाठवायचं हे ओळखतो, आणि आयुष्यभर ज्याच्याकडे अख्खं घराणं येतं तो बहुधा असाच डॉक्टर असतो. जे उपचार शिकायचे आहेत ते रीतसर शिकून, अनुभवी हाताखाली सुरू करा. येणाऱ्या तज्ज्ञाबरोबर मोबदला, साहित्याचा खर्च आणि नंतरच्या तक्रारीची जबाबदारी एका कागदावर लिहून घ्या.

पायरी ६ : “दुखत नसताना कसं बोलवायचं?”

ही धारणा दवाखान्यापेक्षा पेशंटचं जास्त नुकसान करते. कीड सुरुवातीला दुखत नाही. हिरड्यांचा आजार तर दात हलेपर्यंत गप्प राहू शकतो. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. तंबाखू, मशेरी, गुटखा यांचे परिणाम तोंडात दिसू लागतात तेव्हा पेशंटला बहुधा काहीच जाणवत नसतं; गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा कमी होत चाललेलं तोंड उघडणं पहिल्यांदा दंतवैद्यालाच दिसतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी खुर्चीत बसून रोज काय दिसतं ते आपण जाणतो. अशा माणसाला ‘पैशांसाठी बोलावतोय असं वाटेल’ म्हणून बोलवायचं नाही?

सगळ्यांना एकच ‘सहा महिन्यांनी या’ सांगण्यापेक्षा धोका पाहून अंतर ठरवा. ब्रिटनमधली नाइस ही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं अंतर सुचवते, ते याच विचाराने. तंबाखू खाणारे, मधुमेही, हिरड्यांचा उपचार झालेले जवळच्या तारखेला; निरोगी तोंडाचा, नीट ब्रश करणारा तरुण लांबच्या. कारण केस पेपरवर लिहा आणि पेशंटलाही सांगा: “तुमची साखर वाढलेली असते, म्हणून तीन महिन्यांनी हिरड्या बघू. काही नसेल तर पाच मिनिटांत घरी.” कारण सांगितलं की ते बोलावणं राहत नाही, काळजी होते. स्वतःच्या पेशंटला ठरलेल्या तपासणीची आठवण करणं यात गळ घालणं काही नाही.

नवीन क्लिनिकच्या धास्तीबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या गल्लीत कुणी दवाखाना काढावा हे तुमच्या हातात नाही; जुन्या केस पेपरांच्या गठ्ठ्यातल्या किती जणांना तुम्ही मागच्या वर्षभरात विचारलं, हे आहे.

पायरी ७ : एक धारणा, एक महिना, एक माप

सगळी वाक्यं एकदम बदलायला जाऊ नका. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेलं एक निवडा आणि महिनाभराचा छोटा प्रयोग लावा. सुरू करण्याआधी लिहून ठेवा: मी काय वेगळं करणार, काय मोजणार, आणि कोणता आकडा आला तर धारणा खरी मानणार. हे आधी लिहिलं नाही तर महिन्याच्या शेवटी मन आपल्याला हवा तोच अर्थ काढतं.

उदाहरण द्यायचं तर: “या महिन्यात प्रत्येक रूट कॅनलची फी लेखी, पर्यायांसह सांगेन आणि स्वतःहून कमी करणार नाही. किती जणांना सांगितलं आणि किती जणांनी सुरू केलं ते मोजेन. मागच्या तीन महिन्यांच्या प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी झाले, तर फीबद्दलचं माझं वाक्य खरं.” नोंद ठेवायचं काम रिसेप्शनला द्या, म्हणजे आकडा तुमच्या मूडवर ठरत नाही. महिनाअखेर अर्धा तास दार बंद करून बसा. जोडीदार हिशोबात लक्ष घालत असेल तर त्यालाही बसवा.

आकडे कमी असतील तर एका महिन्यावर निकाल देऊ नका. दहा-बारा पेशंटवरून फार काही कळत नाही. पितृपक्षात आणि दिवाळीच्या आठवड्यात खुर्ची तशीही रिकामी असते. अशा महिन्यात प्रयोग लावू नका, लावलाच तर पुढच्या महिन्यापर्यंत चालू ठेवा.

आणि वहीत पानांमागून पानं “काही उपयोग नाही”, “मीच नालायक” अशीच भरत असतील, झोप उडाली असेल, सकाळी दवाखान्याचं शटर उघडायला नको वाटत असेल, तर तो या लेखातला विषय नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, आणि डॉक्टरांनीही ती वापरायची असते.

धारणा खरी निघाली तर

तसंही होतं. फोन झाले, फी नीट सांगितली, पुरेसे महिने थांबलात, तरी त्या भागात झिरकोनियाची कॅप घेणारे मोजकेच निघाले. मग ती धारणा उरली नाही, ती माहिती झाली, आणि माहितीवर निर्णय घेता येतो. झिरकोनिया आणि इम्प्लांटसाठी महागडं यंत्र कर्जाने घ्यायचं नाही. ते उपचार तज्ज्ञ येतील त्या दिवसापुरते ठेवायचे. भर द्यायचा तो वेळेवर भरलेल्या कीडीवर, हिरड्यांच्या उपचारांवर, चांगल्या बसणाऱ्या कवळीवर, शाळकरी मुलांच्या दाढांवर. चौथ्या पायरीतला कागद पुन्हा काढा, तास तेच ठेवा, फक्त उपचारांची यादी बदला आणि बेरीज करून पाहा. बेरीज जुळत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस जवळच्या मोठ्या गावात खुर्ची भाड्याने घेऊन बसण्याचा पर्याय त्याच पानावर मांडा: प्रवासाचे तास, खुर्चीचं भाडं, तिथला तासाचा दर, आणि त्या दोन दिवसांत इथला दवाखाना कोण उघडणार याचं नाव.